आठ वाजता सांगतो

डोक्यावरून पाणी निथळत असलं, धोतर पोटऱ्यांना चिकटलेलं असलं, छत्री उलटी होऊन तिच्या काड्या लोंबत असल्या, तरी निरंकतात्या ‘पाऊस पडतोय’ असं म्हणत नसत. कुणी विचारलंच, काय तात्या, बरा आहे ना आजचा, तर ते वळचणीला उभे राहून चष्मा पुसत म्हणत, ‘आठ वाजता सांगतो.’ आठ म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ. तोवर आभाळातून जे काही येत असेल ते तात्यांच्या लेखी अजून पडलेलं नसे.

तात्या आमच्या तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जामखेडच्या अंगाला, निजामाच्या हद्दीजवळ होतं एवढं पुरे. कचेरीच्या आवारात तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक होता. गावातली माणसं त्याला पावसाचं भांडं म्हणत. वर नरसाळं, खाली बाटली, आणि मोजायला रेघा आखलेला काचेचा पेला. शंभर सेंट म्हणजे एक इंच. रोज सकाळी आठला, सण असो की सुतक, तात्या जानव्याला बांधलेल्या किल्लीनं कुंपणाचं कुलूप काढत, बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून मोजत आणि तक्त्यात आकडा लिहीत. आता आमच्या त्या भागात आकडा लिहायची वेळ वर्षातून कितीदा येणार? बाकीचे सगळे दिवस तात्या एकच शब्द लिहीत: निरंक. वीस वर्षं लिहून लिहून तो शब्द त्यांनाच चिकटला. त्यांचं खरं आडनाव पोस्टमनलासुद्धा पटकन आठवत नसे.

मी मूळची राहात्याकडची, कालव्याच्या काठची. ऐन वैशाखात पाटाला पाणी बघत वाढलेली. लढाईच्या दिवसांत मुलींच्या शाळेवर मास्तरीण म्हणून या गावात आले आणि तात्यांच्या घरात मागच्या दाराची एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्या वर्षी मला वाटलं, पाऊसकाळ अजून सुरूच व्हायचाय. मृगात चार टिपूस पडले ते धूळ बसण्यापुरते. आषाढ-श्रावणात नुसता वारा. कपडे वाळत घालायची सोय नाही, दिवा लावायची सोय नाही, आणि ढग आपले डोक्यावरून निजामाच्या मुलखाकडं पळताहेत, खाली एक थेंब सांडायला तयार नाहीत. मी चिडून तात्यांना विचारलं, तुमच्याकडं पाऊस येतो तरी कधी? तेव्हा त्यांनी जुने तक्ते काढून मला समोर बसवलं. इथला खरा पाऊस भादव्यात आणि आश्विनात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, तोही उलटा, पूर्वेकडून, दुपारनंतर गडगडत येणारा. त्यावर ज्वारी पेरायची. तो चुकला की वर्ष चुकलं. मग थंडी, मग फाल्गुनात एखादी गारपीट, आणि पुढं चैत्र-वैशाखात वावटळी. हे सगळं त्यांनी होणारं म्हणून नाही, झालेलं म्हणून सांगितलं.

होणारं ते सांगतच नसत. पंचांगात यंदा नक्षत्राचं वाहन म्हैस आहे, आता बघा कसा धो धो येतो ते, असं पारावर कुणी म्हणालं की तात्या चपला घालून चालू लागत. शेतकरी कचेरीत यायचे, कोपऱ्यात उकिडवे बसायचे आणि अजिजीनं विचारायचे, तात्या, तुमचा रोजचा संबंध हाय, तुमाला कळत आसंल, पेरू का थांबू? तात्यांचं उत्तर ठरलेलं. मला वाटायचं, माणूस खडूस आहे. दोन गोड शब्द बोलायला काय जातं? एकदा मी तसं तोंडावर म्हणालेही. त्यावर ते म्हणाले, ‘बाई, माझ्या गोड शब्दावर तो बी मातीत घालील.’

एका बाजाराच्या दिवशी गावाच्या वरच्या अंगाला असा काही पाऊस कोसळला की ओढ्याला पूर येऊन मिरच्यांची पोती वाहून गेली. कचेरी ओढ्याच्या अलीकडं. तिथं ऊन पडलेलं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी लिहिलं निरंक. मिरच्यांवाले कचेरीवर चालून आले. आमचा माल वाहून गेला आणि हा बाबा म्हणतो पाऊसच न्हाई! तात्यांनी त्यांना कुंपणापाशी नेलं आणि कोरडी बाटली दाखवली. तुमच्याकडं पडला असेल, माझ्या भांड्यात नाही, आणि मला फक्त भांड्यातलं लिहायला ठेवलंय. बिचारे शिव्या घालत गेले. भांड्यात असेल ते लिहायचं, नसेल ते लिहायचं नाही, एवढाच तात्यांचा धर्म होता, आणि संध्येपेक्षा तो ते कडक पाळत.

काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, अगदी दुसऱ्या टोकाच्या. त्यांना रिकामं भांडं बघवत नसे. शेजारणीची वाटी परत करायची तर चिमूटभर साखर, चार शेंगदाणे, काहीतरी त्यात पडलंच पाहिजे. काहीच नसेल तर पाणी आणि त्यात तुळशीचं पान. मी थट्टा करायची, काकू, पाणी परत करताय की वाटी? त्या हसायच्या आणि तरी घालायच्याच. पोरबाळ नव्हतं. दुपारी भांडी झाली की पाटी घेऊन माझ्यापुढं बसत. पंचेचाळिशीच्या बाईनं अक्षरं गिरवायची म्हणजे थोडी लाज वाटे, म्हणून दार लोटून घेत. तात्यांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी कधी ठाऊक असल्याचं दाखवलं नाही.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे त्या वर्षी मृगातले चार टिपूसही पडले नाहीत. श्रावण कोरडा गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले, कडबा संपला, लोक घरांवरचं गवत काढून बैलांपुढं टाकू लागले. काकूंच्या गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या. मामलेदारसाहेब माणूस वाईट नव्हते; चाऱ्यासाठी त्यांनी जिल्ह्याला पत्रावर पत्रं लिहिली. शेवटी जिल्ह्याचं उत्तर आलं. भादव्यातल्या या पंधरवड्यातही तालुक्याचा पाऊस निरंक राहिला, तर राहुरी-राहात्याकडून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्यांचा हिरवा चारा, गाड्या भरभरून पाठवू. पण आकडा मात्र पाऊस पडल्याचा दिसला तर नाही. चाळीस गावांची जनावरं तात्यांच्या एका शब्दावर येऊन थांबली. गंमत बघा, वीस वर्षं ज्या शब्दावरून लोकांनी त्यांना चिडवलं, तोच त्या पंधरवड्यात रोज आठला बाहेर उभं राहून लोक विचारून घेऊ लागले.

पंधरवड्याचा शेवटचा दिवस महालक्ष्म्यांच्या पूजनाचा आला. आदल्या संध्याकाळी काकूंनी महालक्ष्म्या घरात आणल्या. त्यांच्या घरची चाल अशी, की काकूंनी मुखवटे हातात घेऊन कुंकवाच्या पावलांवरून घरभर फिरायचं आणि प्रत्येक जागी विचारायचं, इथं काय आहे? बरोबरच्या बाईनं उत्तर द्यायचं. लक्ष्मीला घरातलं एकही भांडं रिकामं दिसता कामा नये. त्या वर्षी काकूंनी प्रत्येक डब्याच्या तळाला मूठ-मूठ ज्वारी घातली होती आणि उत्तरं द्यायला मी होते. इथं काय आहे? धनधान्य आहे. इथं काय आहे? दूधदुभतं आहे. गाय दोन महिने आटलेली! मला त्या खोट्याचा वैताग यायला लागला. फिरत फिरत काकू देवघराशेजारच्या खुंटीपाशी थांबल्या. तिथं तात्या रात्री जानव्याची किल्ली काढून अडकवत. काकूंनी विचारलं, ‘आणि इथं काय आहे?’

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई सांगायची. मी म्हणाले, ‘निरंक.’

तात्या समई धरून उभे होते, ते चक्क हसले. काकू हसल्या नाहीत. लक्ष्मीपुढं असं म्हणू नये, बाई, एवढंच हळू म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. मी जेवून झोपलेसुद्धा.

सकाळी शाळेला सुट्टी होती. पत्रीसाठी आघाडा आणि दूर्वा हव्या होत्या, त्या आता शाळेच्या हौदाकाठीच थोड्या उरल्या होत्या. आमची शाळा कचेरीला लागूनच. मी वाकून दूर्वा खुडत होते तेव्हा आठ वाजले आणि तात्या कुंपणात शिरले. बाटली उचलताना त्यांचा हात मधेच थांबला. त्यांनी आभाळाकडं पाहिलं. आभाळ निळंशार, ढगाचा मागमूस नाही. मग ते खाली बसले आणि मोजायला लागले. पेला अर्ध्या इंचाचा; तो दोनदा भरला आणि वर बारा सेंट उरले. पुन्हा बाटलीत ओतून पुन्हा मोजलं. एक इंच बारा. माझ्या हातातल्या दूर्वा तशाच राहिल्या.

साहेबांचा बंगला आवारातच होता, ते धावत आले. तक्ता बाराच्या मोटारीच्या टपालानं जायचा होता. साहेबांनी साधा मार्ग सांगितला. काल पाऊस पडला नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल; पाणी ओतून टाका आणि लिहा निरंक. तात्या म्हणाले, भांड्यात पाणी आहे. मग काय इंचभर पाऊस लिहिणार? नाही, पाऊस पडलेला नाही. मग लिहिणार तरी काय, तात्या? साहेबांचा आवाज चढला. तात्यांचा चढला नाही. ते म्हणाले, ‘साहेब, आज मी हे ओतून टाकलं, तर माझं आजवरचं एकही निरंक खरं राहणार नाही. पाणी कुणी घातलं ते कळू द्या. पाणीही लिहीन, पाऊस नाही हेही लिहीन.’

मग प्रश्न आला, घातलं कुणी? साहेबांचा संशय कडबा दडवून चढ्या भावानं विकणाऱ्यांवर गेला. वाढं आलं नाही तर त्यांची चंगळ होती. आणि आवारात झोपायला होते ते फक्त शिपाई रहिमभाई. साहेबांनी त्यांना फैलावर घेतलं: किती पैसे खाल्लेस? नोकरी जाईल, तुरुंगात जाशील. रहिमभाई मान खाली घालून उभे. ‘म्या काय बी बघितलं न्हाई, साहेब. माझ्या नावानं लिवायचं तर लिवा.’ मला त्यांचा राग आला. बघितलं नाही, तर ‘माझ्या नावानं लिवा’ कशाला? काहीतरी बघितल्याशिवाय माणूस असं म्हणत नाही. तात्या मात्र पेला उजेडात धरून बघत होते. तळाला तांदळाचा एक पिवळा दाणा होता. हळदीची अक्षत. तात्यांनी पेला खाली ठेवला, साहेबांकडं अर्धा तास मागितला आणि ते घराकडं निघाले. मी दूर्वा ओच्यात घेऊन मागोमाग.

काकू पुरण वाटत होत्या. तात्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले. घातलंस का, असं त्यांनी विचारलंच नाही. ते म्हणाले, ‘फुलपात्र कुठलं घेतलंस?’

‘चांदीचं. लक्ष्मीपुढचं,’ काकू म्हणाल्या, आणि वरवंटा थांबवून सगळं सांगून टाकलं. घरातली सगळी भांडी त्यांनी लक्ष्मीला भरलेली दाखवली होती, एवढं एकच रिकामं राहिलं होतं, आणि तेच सगळ्या तालुक्याचं. रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे तात्या आंघोळीला आणि संध्येला बसले तेव्हा खुंटीवरची किल्ली घेतली, पिण्याच्या पाण्यातलं फुलपात्रभर काढलं, वर अक्षता टाकल्या आणि नरसाळ्यात ओतलं. रहिमभाई उठून बसलेले होते. त्यांना त्यांनी सांगितलं, भाऊ, देवाचं आहे. ‘एक फुलपात्र हो,’ काकू म्हणाल्या. ‘तेवढ्यानं एवढा मोठा पाऊस होतो हे मला काय ठाऊक?’

मी मधे पडले. म्हणाले, चूक माझी आहे, मी तसं बोलले म्हणून. तात्या माझ्याकडं वळले. ‘तुम्ही बरोबरच बोललात, बाई. निरंकच होतं.’ मला बरं वाटावं म्हणून ते सांगत होते, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी विचारलं, मग आता वाढ्याच्या गाड्या यायच्या नाहीत? तात्या म्हणाले येतील, पण झालं तसं लिहावं लागेल. आणि तुमचं भांडं? ‘ते जाईल,’ तात्या म्हणाले. भांडं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देतील. किल्ली माझ्याकडं होती, मी ती खुंटीवर ठेवली. एवढं बोलून त्यांनी कपाटातून कागद काढला. जबाब मी लिहिला. मी लिहीत गेले, ‘कारकुनाच्या पत्नीने...’ तिथं काकूंनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, ‘पत्नी-बित्नी नको. माझं नाव घाला. ओतलं मी आहे.’ आणि खाली सही त्यांनी स्वतः केली. द्वारका. त्यातला पहिला द्वा त्या आठवड्यातच शिकून झाला होता. तो काढायला त्यांना इतका वेळ लागला, की मला वाटलं मोटार चुकते. तात्या शेजारी उभे राहून बघत होते. लवकर कर, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

तक्त्यात त्यांनी त्या दिवशी लिहिलं ते मला पाठ आहे. बाटलीत पाणी एक इंच बारा सेंट. पाऊस निरंक. पाणी मनुष्याने ओतलेले, जबाब सोबत. किल्ली माझ्या हलगर्जीपणामुळे खुंटीवर राहिली. साहेबांनी वाचलं, कपाळाला हात लावला आणि सही केली. रहिमभाईंना तात्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. रहिमभाई म्हणाले, तात्या, म्या कशाला सांगू, घरची बाई हाय ती.

गाड्या आल्या. वेशीपाशी हिरव्या वाढ्याचा ढीग बघून माणसंसुद्धा त्याचा वास घेत उभी राहिली. मला माझ्या माहेरचा वास आला. काकूंच्या गाईनं पहिला भारा पाला न सोडता खाल्ला. त्याच आठवड्यात हुकूमही आला. पर्जन्यमापक दुसऱ्या कारकुनाकडं द्यावा, आणि तात्यांनी जुन्या कागदांच्या खोलीत बसावं. तात्यांनी जानव्याची किल्ली सोडून साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्या दिवशी जेवताना त्यांचा हात दोनदा छातीशी गेला. मी ताटावरून उठून गेले.

आणि मग हस्त लागला आणि पाऊस आला. तीन दिवस पूर्वेकडून कोसळत होता. पहिल्या रात्रीनंतर सकाळी आठला तात्या धोतर-कोट घालून तयार होते आणि जायला जागा नव्हती. अंगणातल्या दगडावर काकूंनी सरळ काठांचं पितळेचं पातेलं ठेवलेलं होतं. त्यांनी त्यात बोटं आडवी धरून पाणी मोजलं आणि माझ्याकडून आणलेल्या वहीत लिहिलं, साडेतीन बोटं. तात्या मागं येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस बोटांनी मोजण्यावरून काहीतरी बोलणार. ते म्हणाले, ‘बोटं कुणाची, तेही लिही.’ काकूंनी लिहिलं, माझी.

तेव्हापासून रोज आठला पातेलं बघायचं, हा त्या घराचा नेम झाला. काकू मोजायच्या, तात्या उभे राहून ऐकायचे, वहीत निरंक पडत राहायचं. गल्लीतल्या बायका काकूंना विचारू लागल्या, काय काकू, येईल का हो आज? काकू म्हणत, आठ वाजता सांगते. पुढं तात्या पेन्शनीत निघाले आणि माझी राहुरीला बदली झाली. निघताना माझा पोह्यांचा डबा काकूंनी परत केला तो शेंगदाण्यांनी भरून. तात्या मोटारीपर्यंत आले. पोचल्यावर पत्र टाका, म्हणाले, आणि तिकडं पाऊस किती ते कळवत जा. मी कळवत असे. माझ्या आकड्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

तात्या गेल्याचं मला उशिरा कळलं. मी पोचले तेव्हा दिवस होऊन गेले होते. मोटारीतून उतरल्या उतरल्या रहिमभाई भेटले. त्यांनी सांगितलं, सकाळी सातला गेले, दहाला उचललं, आणि तिरडी वेशीबाहेर पडते न पडते तो असा पाऊस आला, की सगळे म्हणाले, तात्यांसाठी आभाळ रडलं. श्रावणात तसा पाऊस त्या गावानं कधी बघितला नव्हता. मला ते ऐकून बरं वाटलं. ज्यानं जन्मभर पावसाची वाट बघितली, त्याला शेवटी तेवढं तरी मिळालं.

काकू अंगणात बसल्या होत्या. पातेलं दगडावर तसंच होतं. मी जवळ बसले, दोघी रडलो, आणि मग मी वही मागून घेतली. त्या तारखेपुढं काकूंच्या थोराड अक्षरात लिहिलं होतं: निरंक.

मी म्हणाले, काकू, त्या दिवशी तर पाऊस पडला ना? सगळं गाव सांगतंय.

‘पडला,’ काकू म्हणाल्या. ‘पण दहानंतर. आठला मी उठून बघितलं होतं, त्यांना ओसरीवर ठेवलेलं होतं तेव्हा. पातेलं कोरडं होतं.’ मग त्यांनी वहीवर बोट ठेवून मला पुढची ओळ दाखवली. ‘तो दुसऱ्या दिवसात धरलाय. दीड बोट. ते असते तर त्यांनी तसाच धरला असता.’